तापी इंजिनाची कवळी

“हिचा दात दुखतोय,” बेंडाळे म्हणाला.

वीतभर लांबीचं ते काळं इंजिन त्याने कानाशी धरलं होतं, बायका बाजारात नारळ हलवून बघतात तसं. बोटाने सावकाश चाकं फिरवत होता. दर फेऱ्याला आतून एकदा ‘टक्’ व्हायचं.

“इंजिनाला दात नसतात,” मी म्हणालो. “दातेरी चाक असतं.”

“तेच ते, सरोदेभाऊ. आमच्या धंद्यात जबडा म्हणतात.”

माळ्यावरची सगळी मंडळी हसली. झोपेकाका तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. पाणी मात्र मीच दिलं.

ही गोष्ट भुसावळची, वीसेक वर्षांपूर्वीची. केळीच्या एका वखारीच्या माळ्यावर आमचं छोट्या आगगाड्यांचं मंडळ भरायचं. खाली केळी पिकायची, वर आम्ही. चौदा-पंधरा माणसं, बहुतेक रेल्वेतून निवृत्त झालेली. मोठ्या फळ्यांवर रूळ टाकलेले, बोगदा, पूल, आणि त्यावरून विजेवर पळणारी खेळण्यातली इंजिनं. खेळण्यातली म्हटलेलं झोपेकाकांना चालायचं नाही. ते जुने वाफेच्या गाडीचे ड्रायव्हर, वय ब्याऐंशी, मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेलं हे काळं इंजिन मंडळाची शान होतं. नाव तापी.

आणि तापीचा वैद्य मी. शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. मी नुसता खोकलो तरी सैल नट आपोआप आवळले जायचे. एकदा मी रजेवर होतो तर एक इंजिन शेडमधून निघून मला शोधत आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं. गल्ली अरुंद, म्हणून बिचारं परत गेलं. पटत नसेल तर गल्ली मोजून बघा, अजून तेवढीच आहे.

मंडळाची एक रीत होती. दसऱ्याला सकाळी तापीच्या डब्यांत आपट्याची पानं भरायची. गाडी एकवीस फेरे न थांबता मारणार, मग झोपेकाका पहिल्या डब्यातलं पहिलं पान उचलून, ज्याने त्या वर्षी तापी नीट ठेवली त्याच्या हातात देणार. मग बाकीच्यांनी सोनं लुटायचं. अकरा वर्षं ते पान मला मिळत होतं. घरी एका डब्यात अकराच्या अकरा पानं होती. सुकून जिऱ्यासारखी झाली होती, पण होती.

बाराव्या वर्षी ऐन नवरात्राच्या तोंडावर ही टक् सुरू झाली. मी उघडून बघितलं. आसावरचं प्लास्टिकचं दातेरी चाक चिरलं होतं. चिरेमुळे दोन दातांमधली फट रुंदावलेली, ती फट वर आली की टक्. मी चिकटवलं. दोन दिवसांनी पुन्हा टक्. जास्त जहाल काहीतरी लावून चिकटवलं, वर रेशमाचा दोरा गुंडाळला. तर इंजिन जागचं हलेना, नुसतं गुरगुरायला लागलं. दोरा सोडला, तर पुन्हा टक्.

तेव्हा झोपेकाकांनी या मुरलीधर बेंडाळेला बोलावलं. वय पंचेचाळीस, मंडळात येऊन जेमतेम सहा महिने झालेले, आणि धंदा काय, तर दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं! तापीला कवळीवाला बघणार!

“दसऱ्याला आठ दिवस आहेत,” झोपेकाका म्हणाले. “होईल का?”

“बघतो,” बेंडाळे म्हणाला. “नवीन जबडा ओतावा लागेल.”

“ओत बाबा. हा सरोद्या तर दोरा गुंडाळून राह्यला. इंजिन आहे का वडाचं झाड?”

पुन्हा सगळे हसले. या वेळी पाणी मी दिलं नाही.

घरी आलो. जेवताना बायको म्हणाली, “अहो, भाजीत मीठ आहे का?”

“त्याला मिठाचं काय कळतंय? तो कवळीवाला.”

“मी भाजीचं विचारतेय.”

“वाफेचं इंजिन डोळ्यांनी पाहिलं नसेल त्याने कधी जवळून.”

सिंधूने पोळी ताटात वाढली. “सकाळपासून सतरा वेळा त्याचं नाव घेतलंत. माझं लग्नात एकदा घेतलं होतं, तेही उखाण्यात. तेसुद्धा अर्धं विसरलात.”

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. दाढ दुखतेय असं निमित्त करून मी बेंडाळेच्या खोलीवर गेलो. टेबलावर सगळीकडे दात. ओळीने मांडलेले, वाटीत भरलेले, एका बशीत तर नुसत्या दाढा. मला वाटलं सगळे मलाच हसताहेत.

“या सरोदेभाऊ! कोणती दाढ?”

“ती जाऊ द्या. सहज आलो.”

त्याने लगेच ओळखलं आणि लगेच दाखवलं. माणूस लपवालपवी करणारा असता तर बरं झालं असतं, त्याला मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने चिरलेलं चाक एका बारीक तारेवर घट्ट मिटवून, मेणात ठसा घेतला होता. ठशात कवळीचा गुलाबी मसाला ओतून नवीन चाक काढलं होतं. तीन वाया गेली होती, चौथं त्याच्या तळहातावर होतं. ज्वारीच्या चार-पाच दाण्यांएवढं असेल. हिरडीच्या रंगाचं.

“तुमच्या चिकटवण्यात चूक नव्हती,” तो म्हणाला. “बनवणाऱ्याचीच खोड. लोखंडी आस जाड आणि चाकाचं भोक बारीक. दाबून बसवलंय. रोज ताण घेऊन घेऊन ते कधीतरी चिरणारच होतं. तुम्ही सोन्याने चिकटवलं असतं तरी पुन्हा चिरलं असतं. मी भोक केसभर मोठं केलंय.”

चौतीस वर्षं मी आस आणि भोकं यांतच घालवली, आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती. त्यात हा माझी बाजू घेत होता! शत्रूने शिवी दिली तर पचते, समजूत काढली की घशात अडकते.

“गुलाबी रंग शोभत नाही इंजिनाला,” एवढंच मी म्हणालो आणि उठलो.

“दाढ?” त्याने विचारलं.

“राहिली.”

खंडेनवमीला सकाळी सगळे माळ्यावर जमले. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत हत्याराला कुणी बोट लावत नाही. ती सुट्टी हत्यारांची असते. भुसावळसारख्या लोखंडी गावात त्या दिवशी न्हावीसुद्धा कात्री उचलत नाही, मग फिटरची काय कथा!

पाटावर पेचकस, चिमटे, पाने मांडले. बेंडाळेने स्वतःचे बारीक कोरणीचे दाभण आणून ठेवले. तापी मध्यभागी. झोपेकाकांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, म्हणाले, “तिला उताणी करा. नवीन जबड्याला हळदकुंकू लागायला नको का?”

“काका, आत नको,” बेंडाळे म्हणाला. “बारीक काम आहे.”

“मी पन्नास वर्षं पूजेशिवाय गाडी काढली नाही. उघड.”

बेंडाळेने पोटाखालचा एकच पेच काढून पट्टी उघडली. आतलं गुलाबी चाक बघून सगळे ‘अरे वा’ म्हणाले. मी सोडून. झोपेकाकांनी करंगळीने हळदकुंकवाचा ठिपका लावला, आणि माझ्याकडे अक्षतांची वाटी दिली. “टाक. तूही म्हातारा आहेस.”

मी टाकल्या. हळदीत भिजवलेल्या ओल्या अक्षता होत्या. आशीर्वादाच्या अक्षता हलक्या हाताने टाकायच्या असतात हे मला माहीत आहे. बेंडाळेने मऊ कुंचल्याने सगळं झाडून काढलं, पट्टी लावली, पेच आवळला, वरून अंगठा फिरवला आणि पेचकस कपाळाला लावून पाटावर ठेवला. मग पेचकसालाही कुंकू लागलं, फूल लागलं. हत्यारांची सुट्टी सुरू झाली.

मंडळ जेवायला गेलं. माळ्याची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

दुपारी तीनला, सगळं गाव पुरणपोळी खाऊन आडवं झालेलं असताना मी माळ्यावर होतो. माझा बेत साधा होता. पेच दीड फेरा सैल करायचा. नवव्या-दहाव्या फेऱ्याला पट्टी हलणार, चाक सरकणार, गाडी बोगद्यात मरणार. मग कवळीवाल्याची कवळी सगळ्यांसमोर गळून पडणार, आणि झोपेकाका म्हणणार, “सरोद्या, ये बाबा.” त्या “ये बाबा”साठी मी काहीही केलं असतं.

पाटासमोर उभा राहिलो. पेचकस फूल खोचून बसला होता. “माफ कर,” मी त्याला म्हणालो. त्याच्याशी माझी जुनी ओळख होती. उचलला. पेचाच्या डोक्यावर काहीतरी चिकट, गुलाबीसर लागलेलं होतं. कुंकवाचा गाळ असेल म्हणून नखाने खरवडून काढलं. पेच फिरवला. पट्टी उघडली.

दहा मिनिटांनी मी जिना उतरलो. आत काय केलं ते सांगतो, पण जरा दम धरा.

दसऱ्याला सकाळी आरती झाली. डब्यांत पानं भरली गेली. बेंडाळेने तापीला रुळावर ठेवण्याआधी सवयीने उलटी करून पाहिली, आणि तो तसाच उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “कुणीतरी इंजिन उघडलंय.”

“कशावरून?”

“पेचावर मी कवळीचं मेण दाबून ठेवलं होतं. ते नाही.”

खालून केळीचे घड उतरवणाऱ्यांचा आवाज येत होता तेवढाच. मग झोपेकाका खुर्चीतून अर्धे उठले.

“काल उघडलं? खंडेनवमीला? पूजेचा पेचकस उचलला कुणी?”

इंजिन बिघडवलं असेल याचं त्यांना काही नव्हतं. पेचकसाची सुट्टी मोडली याचं होतं. सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या, कारण किल्ली माझ्या कमरेला लोंबत होती.

“उंदीर असेल,” मी म्हणालो. “वखारीत फार झालेत.”

“उंदराने पेच उघडला?”

“केळी खाऊन हुशार होतात.”

कुणी हसलं नाही. बेंडाळेने तापी उताणी केली, डोळ्याला भिंग लावलं आणि पेच काढायला घेतला. पहिल्यांदा पेचकस निसटला. त्याने दाब देऊन पुन्हा फिरवला. मग पट्टी उघडून तो आत बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की तेवढ्यात एखादं केळं पिकलं असतं. भिंग वर केलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

“काय केलंय?” झोपेकाकांनी विचारलं.

“काही नाही,” बेंडाळे म्हणाला. “सगळं जागेवर आहे.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं, काका. चालवा.”

तापी निघाली. पहिला फेरा, दुसरा. टक् नाही की टुक् नाही. तूप लावलेल्या पोळीवरून बोट फिरावं तशी चालली. पूल, बोगदा, वळण. एकवीस फेरे झाले आणि झोपेकाकांसमोर बरोबर थांबली. टाळ्या पडल्या. झोपेकाकांनी पहिलं पान उचललं आणि बेंडाळेच्या हातात ठेवलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय रे सरोद्या, चौतीस वर्षं फिटर म्हणवतोस, तुला धड बिघडवताही येत नाही?”

आता मात्र सगळे हसले. जे कधी हसत नसत तेही. मला वाटलं, खालच्या वखारीतल्या केळी पिकवायच्या भट्टीत जाऊन बसावं, दोन दिवसांत पिवळा तरी होईन.

एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. पण ते वाक्य बोलायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी आलो कशाला होतो.

तर आता ऐका. आदल्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा आत गुलाबी चाकाच्या दोन दातांमध्ये एक अक्षत बसली होती. कुंचल्यातून निसटून आसाखाली गेली असणार. हळदीच्या पाण्याने फुगून टम्म झालेली, पाचर ठोकावी तशी. आणि ती टाकणारा हात माझाच. पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच ते नाजूक चाक तुटलं असतं. मला काही म्हणजे काहीच करायची गरज नव्हती. पट्टी लावायची आणि घरी जाऊन झोपायचं. पापसुद्धा देवाच्या नावावर.

मला इतका आनंद झाला की मी जमिनीवर बसकण मारली. पट्टी लावलीही. पेच भोकात ठेवलाही.

मग पुन्हा काढला. चांगुलपणा वगैरे मनात आणू नका, तो माझ्याकडे त्या दिवशी शिल्लक नव्हता. झालं एवढंच की पट्टी लावण्याआधी मी ते चाक नीट बघितलं होतं, आणि ते डोळ्यांसमोरून हलेना. अठरा दात. अठराही एकसारखे. प्रत्येकाची कड आतून अशी गोलसर घासलेली की दुसऱ्या चाकाच्या दाताला ती लागणार पण खुपणार नाही. असलं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि आता या वयात करणारही नव्हतो. हे कळलं तेव्हा पोटात जो जाळ झाला ना, तसा वाफेच्या इंजिनातही पाहिला नाही. आणि असल्या कामाला एका तांदळाच्या दाण्याने मोडायचं? मग हे चाक माझ्या कामापेक्षा चांगलं होतं का वाईट, ते कधीच ठरलं नसतं. मी जळत होतो त्या चाकावर. तेच मोडलं तर मी जळू कशावर?

पाटावरचा चिमटा उचलला, त्यालाही माफी मागितली, आणि दाणा काढला. कुठे टाकायचा कळेना, म्हणून खाऊन टाकला. पुराव्याची विल्हेवाट आणि प्रसाद, दोन्ही. मग पट्टी लावून पेच आवळला. सैल करायला आलेला हात, पण चौतीस वर्षांची खोड. आवळूनच थांबला.

दसऱ्याला ते सगळं गिळून मी कोपऱ्यात उभा राहिलो. लोक एकमेकांना सोनं देत होते, माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तेवढ्यात बेंडाळे आला. हातात आपट्याची दोन पानं. एक खिशात ठेवलं, ते पहिलं, आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

“सोनं घ्या, सरोदेभाऊ,” म्हणाला आणि नमस्काराला वाकला. वाकल्या वाकल्याच, पायाशी तोंड ठेवून, हळूच विचारलं, “आतून काय काढलंत?”

“कुठे काय?”

“एका फटीत हळद आहे. दाण्याएवढीच.”

मी हातातलं पान न्याहाळायला लागलो.

“आणि पेच मी ठेवला होता त्यापेक्षा पाव फेरा जास्त आवळलेला. बिघडवायला आलेला माणूस आवळून जात नाही.”

“इतकं कळलं होतं तर तेव्हाच बोलायचं!” मी दातओठ खात पुटपुटलो. “चौदा माणसांसमोर माझी अब्रू गेली.”

“बोललो असतो,” तो अजून वाकलेलाच होता, “पण मग काकांनी पहिलं पान तुम्हाला दिलं असतं.”

मी खाली बघितलं. त्याने मान किंचित वर केली होती. डोळ्यांत शरम नव्हती. होतं ते मी चांगलं ओळखत होतो. आठ दिवस रोज आरशात बघत होतो.

“सहा महिने झाले मला इथे येऊन,” तो म्हणाला. “सहा महिने ऐकतोय. सरोदे असे, सरोदे तसे. सरोदे खोकले की नट आवळतात. जेवण जात नव्हतं मला.”

“हे कोण सांगतं?”

“तुम्हीच सांगता. पण लोक मान डोलावतात ना!”

लांबून झोपेकाका ओरडले, “अरे, किती वेळ वाकून राह्यला तो! आशीर्वाद दे की, सरोद्या! का तेही जमत नाही?”

मी दोन्ही हात बेंडाळेच्या डोक्यावर ठेवले. जरा दाबूनच ठेवले. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला अरेतुरे करत म्हणालो, “पुढच्या दसऱ्याला बघतो तुला.”

“बघा,” तो म्हणाला.

माळ्यावरच्या लोकांना वाटलं, आशीर्वाद पोचला.